स्थलवर्णनाची भाषा : उदगीर-देवणीच्या मुलुखाच्या निमित्ताने

१

प्रवासवर्णन हा मराठी गद्याचा एक समृद्ध प्रांत आहे. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' ह्या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'पर्यंत (१९६०) आणि तेथून पुढे आजपर्यंत ही परंपरा अखंड चालत आली आहे. तथापि तिची समीक्षा मात्र बहुधा लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाभोवतीच घुटमळत राहिली. लेखक किती रसिक, किती विनोदी, किती बहुश्रुत, ह्याचा विचार आपण करतो. वर्णिलेले स्थळ वाचकाच्या हाती कितपत लागले, हा प्रश्न सहसा विचारीत नाही. परदेशच्या वर्णनांच्या बाबतीत ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण तेथे लेखकाचे कुतूहल हेच वाचनाचे मुख्य आकर्षण असते. परंतु आपल्याच मुलुखातील खेडी व जुनी नगरे यांचे वर्णन करावयाची वेळ आली म्हणजे ह्या उणिवेचे परिणाम दिसू लागतात.

प्रस्तुत लेखाचे क्षेत्र मर्यादित आहे. लातूर जिल्ह्यातील उदगीर, देवणी, निलंगा व औसा, लगतच्या नांदेड जिल्ह्यातील कंधार आणि राज्याच्या सीमेपलीकडील बीदर, एवढा मुलूख डोळ्यांपुढे ठेवून मराठीतील स्थलवर्णनाच्या भाषेचा विचार येथे करावयाचा आहे.

ह्या विचाराचे निमित्त वर्गातच मिळाले. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांस एकदा आपापल्या गावाचे वर्णन लिहावयास सांगितले होते. देवणीकडील एका विद्यार्थ्याने लिहिले की, आपले गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले असून तेथील परिसर रम्य व वातावरण आल्हाददायक आहे. हेच वाक्य महाबळेश्वरच्या किंवा मालवणच्या विद्यार्थ्यासही लिहिता आले असते. नंतर सहज बोलताना त्यास घरच्या जनावरांविषयी विचारले, तेव्हा त्याने दावणीला असलेल्या प्रत्येक बैलाचा रंग, ठिपक्यांची ठेवण, शिंगांचा वळसा ह्यांसाठी वेगवेगळा शब्द वापरला आणि एकदाही अडखळला नाही. बोलताना इतकी नेमकी असलेली भाषा लेखणी हाती घेताच इतकी दरिद्री का व्हावी? ह्या प्रश्नाचे उत्तर एकट्या विद्यार्थ्याच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल. त्याच्यापुढे जे आदर्श ठेवले गेले त्यांचाही विचार केला पाहिजे.

२

मराठीत नेमक्या स्थलवर्णनाची परंपराच नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. महानुभावांच्या 'स्थानपोथी'चे उदाहरण ह्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे होय. चक्रधरस्वामी आणि इतर अवतार जेथे जेथे वास्तव्यास होते ती ती स्थाने भाविकांस नेमकी ओळखता यावीत, एवढाच ह्या ग्रंथाचा हेतू आहे. त्यामुळे देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगास मढ आहे, पटिसाळ कोठे, जगती कोठे, चौक कोठे, एका स्थानापासून दुसरे स्थान कोणत्या कोपऱ्यास आहे, ह्या गोष्टी तेथे काटेकोरपणे नोंदलेल्या आहेत. विशेषणे जवळजवळ नाहीतच. वर्णनाचा सारा भार नामे, दिशावाचक शब्द आणि शब्दयोगी अव्यये ह्यांनी पेलला आहे. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही संबंधदर्शक पदांवर उभी असलेली भाषा आहे.

गोडसे भटजींचा हेतू सर्वस्वी निराळा. वरसईहून द्रव्यार्जनासाठी उत्तरेस निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला आणि आपण काय पाहिले ते त्याने उतारवयात लिहून काढले. परंतु त्याच्याही गद्यात वस्तूंची नावे ठामपणे येतात. दक्षिणा किती मिळाली, काय खाल्ले, कोठे मुक्काम पडला, ह्या तपशिलांनीच त्याची झांशी आपल्यापुढे उभी राहते.

ह्या दोन्ही ग्रंथांच्या तुलनेत विसाव्या शतकातील आपल्या बऱ्याचशा स्थलवर्णनात विशेषणांचे प्राबल्य दिसते. 'रम्य', 'विलोभनीय', 'नयनमनोहर', 'प्राचीन', 'भव्य' हे शब्द पाहणाऱ्याच्या मनाची अवस्था सांगतात. पाहिलेल्या वस्तूविषयी त्यांतून फारसे काही कळत नाही. शिवाय त्यांच्यामागे एक विशिष्ट भूदृश्य गृहीत धरलेले असते. डोंगर, धबधबा, दाट हिरवाई, समुद्र, म्हणजे स्थूलमानाने सह्याद्री व कोकण, हा त्यांचा मूळ विषय. तेथून तयार झालेली शब्दावली घेऊन लेखक मराठवाड्याच्या पठारावर येतो, तेव्हा त्यास वर्ण्य विषयच सापडत नाही. मग तो जे नाही त्याचे वर्णन करतो : झाडी नाही, पाणी नाही, उंच शिखरे नाहीत. 'उजाड', 'रखरखीत' आणि 'मागास' ही विशेषणे 'रम्य'च्याच कुळातील आहेत. मापदंड एकच असून त्याचे फक्त उलटे टोक येथे वापरलेले आहे. दुर्गा भागवतांच्या 'पैस'सारख्या (१९७०) ग्रंथाचा अपवाद येथे कृतज्ञतेने नमूद केला पाहिजे. नेवाशाचा एक साधा दगडी खांब हा त्या ग्रंथातील शीर्षकलेखाचा विषय आहे, आणि केवळ विशेषणांच्या बळावर तो विषय पेलणे शक्यच नव्हते.

३

येथे फ्रान्सचे उदाहरण उपयोगी पडेल. लोआर नदीच्या खोऱ्यात फिरावयास गेलेला मराठी प्रवासी शांबोरचा १५१९ साली बांधावयास घेतलेला प्रासाद, नदीकाठची द्राक्षबने, लहान लहान जुनी नगरे ह्यांचे वर्णन विनासायास करतो. तो मुलूख जात्याच वर्णनसुलभ आहे, अशी त्याची समजूत होते. वस्तुतः त्या मुलुखाचे वर्णन करणारी भाषा तेथील लोकांनी बुद्धिपुरस्सर घडविलेली आहे, आणि प्रवाशाच्या हाती पडते ते त्या परिश्रमाचे तयार फळ असते.

प्रॉस्पेर मेरीमे हा कथाकार १८३४ साली फ्रान्समधील ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक झाला. त्याने दक्षिण फ्रान्स, पश्चिम फ्रान्स, ओव्हेर्न्य इत्यादी प्रांतांत हिंडून प्रवासटिपणे प्रसिद्ध केली. भिंत कोठे फुटली आहे, छप्पर कोठे गळते, कोणते शिल्प मूळचे व कोणते मागाहून बसविलेले, हा त्या टिपणांचा विषय. बर्गंडीतील व्हेझले येथील मोडकळीस आलेले मंदिर त्याच्या आग्रहामुळे वाचले आणि १८४० पासून व्हिओले-ल-द्यूकच्या देखरेखीखाली त्याची दुरुस्ती झाली. नेमके वर्णन केल्याने वास्तू वाचू शकते, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही. याच काळात, १८३८ साली, स्तांधालने आपल्या प्रवासग्रंथाच्या नावातच 'तूरिस्त' हा शब्द योजला आणि तो फ्रेंचमध्ये रूढ होण्यास त्या ग्रंथाने हातभार लावला. पुढे १९०३ मध्ये व्हिदाल द ला ब्लाश ह्या भूगोलज्ञाने फ्रान्सचे जे चित्र रेखाटले, त्यात 'पेई' ह्या लहान मुलुखांना, म्हणजे माती, पीक, घरबांधणी व लोकांच्या तोंडचे नाव ह्यांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशांना, महत्त्वाचे स्थान मिळाले.

भाषाभ्यासकांस अधिक जवळचे उदाहरण झिलिएरों व एदमों यांच्या भाषिक नकाशासंग्रहाचे. एदमों १८९७ ते १९०१ ह्या काळात सायकलवरून गावोगाव हिंडला, ६३९ ठिकाणी त्याने लोकांच्या तोंडचे शब्द टिपून घेतले आणि १९०२ पासून ते नकाशांच्या रूपाने प्रसिद्ध होऊ लागले. खेड्यातील माणूस घोडीस, मधमाशीस, नांगरास काय म्हणतो, हे विचारण्यासाठी केलेला हा प्रवास होता. ह्या सर्वांचे साहित्यगुण समान नाहीत, हे उघड आहे. परंतु स्थळाकडे जाताना त्या स्थळाचे शब्द गोळा केले पाहिजेत, ही दृष्टी त्यांत समान आहे; आणि आपल्या स्थानपोथीकारापासून ती फार दूर नाही.

४

आता ह्या दृष्टीने आपल्या मुलुखाकडे वळू. उदगीरजवळ, देवर्जनच्या परिसरात, 'हत्तीबेट' नावाचे स्थान आहे. तेथे कोरलेली लेणी आहेत. पश्चिमेकडून आलेला मराठी वाचक 'बेट' म्हटले की पाण्याने वेढलेली भूमी किंवा बांबूचे बेट मनात आणतो. प्रत्यक्षात तेथे आहे ती टेकडी. पाहुणा लेखक ह्या नावाकडे दुर्लक्ष करतो किंवा एखादी दंतकथा सांगून मोकळा होतो. कन्नडमध्ये 'बेट्ट' म्हणजे डोंगर, एवढे ध्यानात घेतले की नाव आणि भूमी ह्यांचा मेळ बसतो. हत्तीबेट म्हणजे हत्तीची टेकडी. त्याच एका शब्दाने दोन भाषांच्या संगमावर असलेल्या ह्या मुलुखाचा इतिहासही सूचित केला. लातूरच्या नावातील 'ऊर' हे द्राविडी ग्रामवाचक पद हीच साक्ष देते. राष्ट्रकूटांच्या बिरुदातील 'लट्टलूर' ते हेच, असे विद्वानांनी मानले आहे. नाव हा वर्णनाचा पहिला घटक होय. त्याचा अर्थ न लावता केलेले वर्णन सुरुवातीसच लंगडे होते.

औशाचा किल्ला घ्या. किल्ला म्हणजे उंच कडा व बुलंद शिखर, ही कल्पना घेऊन येणाऱ्यास औसा निराश करतो, कारण तो सखल जागी बांधलेला आहे. भोवतालची जमीन उंच असल्यामुळे बरेच जवळ जाईपर्यंत तो दृष्टीस पडत नाही. जे सौंदर्यदृष्ट्या उणे वाटते तेच संरक्षणदृष्ट्या त्याचे मर्म आहे. 'भव्य' व 'बुलंद' ह्या शब्दांनी हे मर्म सांगताच येणार नाही. त्यासाठी 'खालून', 'वरून', 'जवळ येता', 'दिसेनासा' अशी साधी क्रियाविशेषणे व क्रियापदे लागतात. कंधारच्या भुईकोटाचीही हीच गोष्ट. तेथील तलावास पाहुणा 'मोठा तलाव' म्हणतो. त्याचे 'जगत्तुंग समुद्र' हे नाव सांगितले तर राष्ट्रकूट राजांच्या बिरुदापासून आजच्या पाणवठ्यापर्यंतचा काळ एका पदात सामावतो.

खरोशाच्या लेण्यांविषयी वेरूळशी तुलना करून त्यांना 'दुर्लक्षित' म्हणावयाचा प्रघात आहे. परंतु वेरूळ काळ्या बसाल्टात कोरलेले आहे, तर खरोसा कोकणात ज्यास जांभा म्हणतात तशा लाल, सच्छिद्र दगडात. हा दगड कोरावयास सोपा, पण सूक्ष्म रेषा टिकवून धरीत नाही. मूर्तींचे नाक-डोळे झिजलेले दिसतात त्यास उपेक्षेइतकाच हा दगडही कारण आहे. 'भग्न' हा एकच शब्द मोडलेल्या, फोडलेल्या आणि झिजलेल्या अशा तिन्ही मूर्तींस लावला, तर इतिहास, हवामान व माणसाचे हात ह्यांतील भेदच नाहीसा होतो. निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिरात तीन गाभारे एका मंडपास जोडलेले आहेत. त्यास 'हेमाडपंती' म्हणून सोडून देणे म्हणजेही असेच भेद पुसणे होय.

पाण्याच्या बाबतीत भाषेचा हा संकोच अधिक खटकतो. विहीर, आड आणि बारव ह्या तीन वस्तू भिन्न आहेत. आड अरुंद, त्यातून पाणी दोराने शेंदावयाचे. बारवेत पायऱ्यांनी उतरून पाण्यापर्यंत जाता येते. म्हणून बारवेपाशी कोनाडे, मूर्ती, विसाव्याची जागा असे सार्वजनिक जीवन उभे राहते, तसे आडापाशी राहत नाही. वर्णनात तिन्हींस 'पुरातन विहीर' म्हटले की गावाची समाजरचनाच दृष्टीआड होते.

देवणीस आल्यावर तर प्रवासवर्णनकारापुढे मोठाच पेच पडतो. ह्या गावाचे नाव देशभर गेले ते येथील गोवंशामुळे. दुधास आणि कामास अशा दोन्ही उपयोगांस येणारी ही जात आहे. येथील 'प्रेक्षणीय' वस्तू म्हणजे जिवंत जनावर. तिचे वर्णन 'देखणे बैल' ह्या दोन शब्दांत संपते. येथील शेतकरी मात्र 'वानेरा', 'बालंक्या' आणि 'शेवरा' असे भेद करतो. अंग पांढरे व तोंडाच्या बाजू काळसर तो वानेरा. अंग पांढरे पण खालच्या भागावर काळे ठिपके तो बालंक्या. सर्वांगावर अनियमित काळे ठिपके तो शेवरा. पैकी पहिल्या शब्दात काळ्या तोंडाच्या वानराची आठवण असावी, असे वाटते. ही वर्गीकरणाची भाषा आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने ती सिद्ध झालेली आहे. आमचा विद्यार्थी बोलताना जी भाषा वापरीत होता ती हीच, आणि लिहिताना ती आपण वापरू शकतो हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते.

५

शब्दांच्या ह्या दारिद्र्यास आणखी दोन कारणांनी हातभार लावला आहे, आणि ती दोन्ही ह्या मुलुखाच्या अलीकडील इतिहासातील आहेत.

पहिले कारण सीमेचे. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. त्या वर्षी ते मुंबई राज्यात आले आणि बीदर म्हैसूर राज्यात गेले. १९६० मध्ये महाराष्ट्र व १९८२ मध्ये लातूर जिल्हा अस्तित्वात आला. भाषिक न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु तेव्हापासून मराठी स्थलवर्णन उदगीरच्या पुढे सरकेनासे झाले. बर्जेसचा १८७८ सालचा पुरातत्त्वविषयक अहवाल बीदर व औरंगाबाद हे जिल्हे एकत्र घेतो आणि खरोसा त्यात सहज येते. आजचा मराठी लेखक मात्र उदगीरचा किल्ला पाहतो आणि बहमनी वजीर महमूद गवानने १४७२ मध्ये बीदर येथे उभारलेली मदरसा पाहत नाही; अर्थात बीदरवाचून उदगीर समजत नाही, हेही त्यास कळत नाही. महानुभावांच्या सूत्रपाठात अनुयायांनी कन्नड व तेलंग देशी जाऊ नये अशी आज्ञा आहे. ती धर्माचरणापुरती होती. आपण ती नकळत वाङ्मयासही लागू केली आहे.

उदगीरच्या लढाईचे वर्णनही ह्यामुळे अपुरे राहते. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा येथे पराभव केला आणि पुढील जानेवारीत पानिपत घडले. म्हणून उदगीरचा उल्लेख पानिपताची प्रस्तावना म्हणून होतो. निजामाचे सैन्य उदगीरहून औशाच्या बाजूने सरकत होते, आणि मोकळ्या पठारावर मराठी घोडदळास त्यास घेरणे शक्य झाले. ज्या सपाटीस आपण 'उजाड' म्हणतो, तिचा ह्या विजयात मोठा वाटा होता. भूमी वाचता आली तर इतिहासही अधिक चांगला वाचता येतो.

दुसरे कारण भूकंपाचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व भोवतालच्या गावांत हजारो माणसे गेली. जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद ह्यांखाली ती गाडली गेली. त्यानंतर निलंगा व औसा भागातील कित्येक गावे नव्या जागी, नव्या आराखड्याने वसविली गेली, आणि मातीच्या छपराविषयी लोकांच्या मनात कायमची धास्ती बसली. ती सर्वस्वी समंजस आहे. माळवदाची ओढ लावून घेण्याचा अधिकार पाहुण्यास नाही. परंतु माळवद, कडीपाट, ढेळज, सोपा, बळद, परस हे शब्दही त्या घरांबरोबरच वापरातून जाऊ लागले. 'ढेळज' हा शब्द फारसी 'देहलीझ'पासून आलेला आहे. बाहेरच्या माणसास जेथवर प्रवेश, ती ही जागा. बळद म्हणजे भिंतीतच बांधलेले धान्याचे कोठार. ह्या शब्दांत पाहुणचार, पडदा, दुष्काळाची भीती आणि साठवणीची रीत ह्यांचा इतिहास आहे. घर गेल्यावर तो इतिहास शब्दांत राहू शकतो, आणि शब्द लेखनात आला नाही तर तोही राहत नाही.

६

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप येणे स्वाभाविक आहे. पहिला असा की, अशा रीतीने लिहिलेले वर्णन म्हणजे कोश अथवा दफ्तर होईल, वाङ्मय होणार नाही. स्थानपोथी ललितकृती म्हणून कोणी वाचीत नाही, हे मान्य केले पाहिजे. नुसती नामे मांडून गद्यास प्राण येत नाही. पाहणाऱ्याची दृष्टी, त्याचे आश्चर्य, त्याची खंत ह्यांना स्थान असलेच पाहिजे. 'अपूर्वाई'चे यश अशा जिवंत मनाचेच यश आहे. आमचे म्हणणे इतकेच की, ह्या भावनांस आधार देणारी वस्तू आधी वाक्यात यावी. पाया न घालता उभारलेले आश्चर्य वाचकाच्या मनात फार वेळ टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बोलीतील शब्द लेखनात आणले की ते शोभेची वस्तू होतात आणि खेड्यातील माणूस संग्रहालयातील नमुना ठरतो. हा धोका खरा आहे. 'ढेळज' हा शब्द केवळ रंग भरण्यासाठी वापरणारा लेखक 'रम्य' लिहिणाऱ्याहून फारसा पुढे गेलेला नसतो. कसोटी अशी की, तो शब्द काढून त्याजागी दुसरा घातला असता अर्थाची हानी होते काय? 'बारव'ऐवजी 'विहीर' घालून हानी होते. म्हणून 'बारव' हवी. जेथे हानी होत नाही तेथे प्रमाण शब्दच बरा.

एप्रिल २०२२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीर येथे भरले. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाकडील अनेक लेखक-वाचकांनी त्या निमित्ताने हा मुलूख प्रथमच पाहिला असेल. असे पाहुणे पुढेही येतील, आणि त्यांच्या लेखनाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ह्या मुलुखाचे शब्द पाहुण्याने आयते आणावेत, ही अपेक्षा रास्त नव्हे. ते काम येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे आहे. प्रत्येकाने आपल्या गावातील पाणवठे, घराचे भाग, जमिनीचे प्रकार, जनावरांचे रंग ह्यांची नावे वडीलधाऱ्यांकडून विचारून, दिशा व जागा ह्यांसह लिहून काढावीत, आणि मगच आपल्या गावाचे वर्णन करावयास बसावे. एदमोंपाशी सायकल होती. आपल्या विद्यार्थ्यांस तर घराबाहेर पडावयाचेही कारण नाही. मात्र ज्यांना हे शब्द ठाऊक आहेत ती पिढी आता थकत चालली आहे, आणि हे काम लांबणीवर टाकता येईल इतका अवधी आपल्यापाशी नाही.